घोडचूक कोणाची? अडखळणाऱ्या इंग्रजी शब्दांचा इतिहास

१/ पानिपतचा विषय निघाला की दुसऱ्या-तिसऱ्या प्रतिसादात एक शब्द हमखास हजर होतो : 'ब्लंडर'. भाऊंचा ब्लंडर, यात्रेकरू आणि कुटुंबकबिला सोबत नेण्याचा ब्लंडर, सूरजमलला दुखावण्याचा ब्लंडर. हा शब्द उच्चारला की काही उलगडल्यासारखे वाटते आणि पुढचा शोध तिथेच थांबतो. वास्तविक 'ब्लंडर' म्हणणे हा इतिहासाचा निष्कर्ष नव्हे. शोध जिथून सुरू व्हावा ती ती जागा आहे. चुका आणि धडपडणे यांसाठी इंग्रजीत जे शब्द रुळले, त्यांचे मूळ पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते. त्या शब्दांना स्वतःचा इतिहास आहे, आणि तो सगळाच निरागस नाही.

२/ प्रारंभ 'ब्लंडर'पासूनच करावा. चौदाव्या शतकातील इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ 'चाचपडत, आंधळ्यासारखे अडखळत चालणे' असा होता. अभ्यासक त्याचे नाते प्राचीन नॉर्स भाषेतील 'ब्लुंडा' या धातूशी जोडतात. अर्थ, डोळे मिटणे. स्वीडिश भाषेत तो शब्द आजही त्याच अर्थाने चालतो. 'ढोबळ, मूर्खपणाची चूक' हा अर्थ अठराव्या शतकाच्या आरंभी रूढ झाला. म्हणजे शब्दाच्या पोटात एक चित्र दडलेले आहे : डोळे मिटून चालणारा माणूस. एखाद्याच्या निर्णयाला 'ब्लंडर' म्हणताना त्याने पाहिलेच नाही, असा आरोप नकळत केला जातो.

३/ नॉर्स भाषा इंग्लंडात आली कशी? ८६५ मध्ये डॅनिश लोकांचे मोठे सैन्य इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर उतरले. पुढच्याच वर्षी यॉर्क त्यांच्या हाती गेले. लुटारू म्हणून आलेले हे लोक हळूहळू शेतकरी आणि शेजारी झाले. त्यांचा कायदा जिथे चाले त्या प्रदेशाला पुढे 'डेनलॉ' हे नाव पडले. १०६६ नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंच भाषेने दरबार आणि न्यायसभा व्यापली. नॉर्स शब्द मात्र त्याआधीच अंगणात आणि शेतात शिरले होते. अंडे, खिडकी, आकाश यांचे आजचे इंग्रजी शब्द नॉर्स मुळाचे आहेत. अडखळण्याचे शब्दही बरेचसे याच वाटेने आले. ते ग्रंथांतून उतरलेले नाहीत. बांधावरच्या बोलण्यातून आले आहेत.

४/ 'क्लम्झी' हा त्यांतला सर्वांत बोलका. आज त्याचा अर्थ वेंधळा, गबाळा. परंतु मध्ययुगीन इंग्रजीतील 'क्लम्सेन' म्हणजे थंडीने बधिर होणे. स्वीडिश बोलींतही याच कुळातील शब्द गारठ्याने बधिर झालेल्या अंगासाठी आढळतो. कडाक्याच्या हिवाळ्यात बोटे आखडली की दोरीची गाठ सुटत नाही, भांडे हातातून निसटते. हा दोष हवेचा. कालांतराने शब्दातली थंडी विरघळून गेली आणि दोष माणसाच्या स्वभावाला चिकटला. परिस्थितीने आलेली अवस्था भाषेत स्वभाव होऊन बसते, ती अशी.

५/ या शब्दाची आणखी एक मौज आहे. १६०१ मध्ये बेन जॉन्सन या नाटककाराने 'पोएटास्टर' नावाचे नाटक लिहिले. त्यात एका अवजड भाषेच्या कवीला वांतीचे औषध दिले जाते आणि तो रंगमंचावर आपले विचित्र शब्द एकेक करून ओकतो. हा टोला जॉन मार्स्टन या प्रतिस्पर्ध्याला होता. ओकलेल्या शब्दांत 'क्लम्झी' आहे. मार्स्टनने ते विशेषण हिवाळ्यालाच लावले होते. त्याच यादीत 'कॉन्शस', 'स्ट्रेन्युअस', 'डॅम्प' हेही आहेत. जॉन्सनला जे शब्द हास्यास्पद वाटले, त्यांतले कित्येक आज शाळकरी इंग्रजीत सुखाने नांदतात. भाषेतली 'चूक' कोणती, हे समकालीनांना ओळखता आलेच असे नाही.

६/ 'ऑकवर्ड' शब्दाची कथा तलवारीपर्यंत जाते. नॉर्स 'ओफुगर' म्हणजे उलटा, पाठ फिरवलेला. त्यातून इंग्रजीत 'ऑक' आला आणि त्याला दिशादर्शक प्रत्यय लागला : 'उलट्या दिशेने'. पंधराव्या शतकातील टॉमस मॅलरीच्या आर्थर राजाच्या कथांत योद्धे 'ऑक' वार करतात, म्हणजे उलट्या हाताचा वार. तो वार गबाळा नव्हता. बेसावध प्रतिस्पर्ध्याला गाठणारा होता. पुढे उलटे ते सारे अडाणी, असे समीकरण झाले. फ्रेंचमधून आलेल्या 'गोश'चा मूळ अर्थ डावा. मराठीही यातून सुटलेली नाही : सरस ते 'उजवे', कमी ते 'डावे', आणि बाजूला सारणे म्हणजे 'डावलणे'. बहुसंख्यांचा हात भाषेत नियम होऊन बसतो.

७/ 'स्टंबल' म्हणजे ठेचकाळणे आणि 'स्टॅमर' म्हणजे बोलताना अडणे. हे दोन शब्द एकाच कुळातले मानले जातात. पाय आणि जीभ यांचे अडणे त्या काळच्या बोलणाऱ्याला एकच वाटले. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. 'अडखळणे' हे क्रियापद उंबरठ्याशीही चालते आणि भाषणातही. पाय घसरतो तशी जीभही घसरते. यात एका भाषेने दुसरीकडून काही घेतलेले नाही. दोन्हीकडच्या माणसांनी आपल्याच देहाकडे पाहून शब्द घडवले.

८/ कानाने ऐकले तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. स्टंबल, फंबल, हॉबल, वॉबल, टॉपल, बंगल : या शब्दांच्या शेवटी तोच एक नाद आहे. इंग्रजी व तिच्या भगिनी भाषांत तो प्रत्यय पुन्हा पुन्हा होणारी लहान हालचाल दाखवतो. पाय एकदा सरकतो आणि माणूस सावरतो. पुन्हा सरकतो, पुन्हा सावरतो. मराठी हेच काम द्विरुक्तीने आणि यमकाने साधते : लटपट, डळमळ, डगमग, धडपड. अस्थिर चाल उच्चारातच झुलली पाहिजे, अशी दोन्ही भाषांची जाण दिसते.

९/ लॅटिनमधून आलेल्या 'एरर'चे मूळ आणखी दूर नेते. 'एर्रारे' म्हणजे भटकणे. संस्कृतातही 'भ्रम्' धातूचा अर्थ फिरणे, भटकणे. त्यातून 'भ्रमण' निघाले आणि 'भ्रम'ही निघाला. 'स्खलन' म्हणजे घसरणे, आणि नीतीवरून ढळणेही. मराठीत वाट चुकते तसे गणितही चुकते. देहाच्या हालचालीवरून मनाच्या दोषाला नाव देणे ही माणसाची जुनी खोड आहे. इथवर सारे निरुपद्रवी आहे. प्रश्न उभा राहतो तो पुढे : कोणाच्या कृतीला कोणता शब्द लागतो, हे कोण ठरवते?

१०/ 'बॉच' हा शब्द पाहावा. आज त्याचा अर्थ काम बिघडवणे. चौदाव्या शतकात तो नेमका उलट होता : दुरुस्त करणे. वायक्लिफच्या परंपरेतील बायबलच्या भाषांतरात मंदिराच्या डागडुजीच्या संदर्भात हे क्रियापद येते. जुने कपडे आणि जोडे सांधणाऱ्या कारागिराला 'बॉचर' म्हणत. सोळाव्या शतकापर्यंत अर्थ फिरला. नवे कापड घेण्याची ऐपत नसणाऱ्यांची वस्त्रे जो सांधत होता, त्याच्या धंद्याचे नाव वाईट कामाची शिवी झाले. ठिगळ दिसते, म्हणून ठिगळ लावणारा अडाणी ठरला. कापड का फाटले, हे कोणी विचारले नाही.

११/ वस्तूंनाही असे शब्द चिकटतात. सतराव्या शतकात डच लोकांच्या 'डोंडरबुस' बंदुकीचे नाव इंग्लंडात पोहोचले. 'डोंडर' म्हणजे मेघगर्जना. आखूड, रुंद तोंडाची ही बंदूक एका दमात अनेक छर्रे फेकी. अचूक नेम हे तिचे काम नव्हते. इंग्रजांच्या कानांनी गर्जनेच्या जागी 'ब्लंडर' ऐकले आणि बंदूक 'ब्लंडरबस' झाली. मेघगर्जना गेली, वेंधळेपणा आला.

१२/ आता उलट प्रवास. दुर्बळांच्या बाबतीत परिस्थितीचा दोष स्वभावाचा झाला. सामर्थ्यवानांच्या बाबतीत केलेली कृती 'घडलेली' चूक झाली. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रिमियातील बालाक्लावा येथे सुमारे ६७० ब्रिटिश घोडेस्वार रशियन तोफांच्या तोंडी धाडले गेले. रॅग्लनचा संदिग्ध हुकूम कॅप्टन नोलनने आणला, ल्यूकनने तो पुढे दिला, कार्डिगनने पाळला. नोलन चढाईच्या आरंभीच मारला गेला. उरलेले एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. टेनिसनच्या सुप्रसिद्ध कवितेत चुकीचा उल्लेख आहे, चूक करणाऱ्याचे नाव नाही. शौर्य सैनिकांचे झाले आणि 'ब्लंडर' निनावी राहिला.

१३/ त्याच्या पन्नास वर्षे आधीचा दाखला फ्रान्सचा. मार्च १८०४ मध्ये नेपोलियनच्या माणसांनी बूर्बों घराण्यातील आंगियांच्या ड्यूकला परक्या मुलखातून पकडून आणले आणि घाईच्या खटल्यानंतर व्हँसेन किल्ल्यात गोळ्या घातल्या. हा गुन्ह्याहूनही वाईट प्रकार आहे, ही चूक आहे, अशा आशयाचा शेरा तालेरां, फूशे वगैरे निरनिराळ्या मुत्सद्द्यांच्या नावे सांगितला जातो. त्यातील फ्रेंच शब्दाचे इंग्रजी भाषांतर 'ब्लंडर' असे रूढ झाले. शेरा चतुर आहे, म्हणून तो टिकला. परंतु तो एका माणसाच्या हत्येला फसलेल्या खेळीच्या रकान्यात टाकतो. न्यायाचा प्रश्न कौशल्याचा होऊन जातो.

१४/ महाराष्ट्राने असा शब्द स्वतः भोगला आहे. 'लॅप्स' हा लॅटिन 'लाप्सुस'पासून आलेला. अर्थ, घसरणे, निसटून पडणे. १८४८ मध्ये साताऱ्याचे शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब निपुत्रिक वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. डलहौसीने तो दत्तक मानला नाही आणि सातारा घेतला. पुढे १८५४ मध्ये झाशी आणि नागपूर याच न्यायाने गेले. या धोरणाचे इंग्रजी नाव 'डॉक्ट्रिन ऑफ लॅप्स'. नावातून असे वाटते, की राज्य आपले आपणच घसरले आणि खाली उभ्या असलेल्या कंपनीच्या झोळीत पडले.

१५/ प्रत्यक्षात काहीही आपोआप पडले नव्हते. साताऱ्याच्या प्रश्नावर टिपणे लिहिली गेली, मतभेद नोंदले गेले. खुद्द मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क या जप्तीच्या विरुद्ध होते. पदच्युत प्रतापसिंह महाराजांची बाजू घेऊन रंगो बापूजी लंडनमध्ये वर्षानुवर्षे दाद मागत होते. डोळे मिटलेले कोणाचेच नव्हते. म्हणूनच मराठी पाठ्यपुस्तकांनी या धोरणाला दिलेले नाव अधिक प्रामाणिक आहे : 'दत्तक वारस नामंजूर'. नामंजूर करणारा कोणीतरी असतो. 'संस्थान खालसा केले' या वाक्यालाही कर्ता लागतो. इंग्रजी नावात पडणे आहे, मराठी नावात घेणारा हात आहे.

१६/ हीच वृत्ती पुढे साऱ्या साम्राज्याला लागू झाली. १८८३ मध्ये केंब्रिजचे इतिहासाचे प्राध्यापक जॉन सीली यांचे ब्रिटनच्या विस्तारावरील पुस्तक आले. आपल्या देशाने अर्धे जग जणू बेसावधपणात मिळवले, असा त्यांतील शेरा अजूनही वारंवार उद्धृत होतो. सीली यांचा रोख स्वकीयांच्या अनास्थेवर होता, हे नमूद केले पाहिजे. परंतु शेरा संदर्भातून सुटला आणि सोयीचा झाला. करार, फौजा, महसुलाच्या वह्या, कर्जरोखे यांनी उभे राहिलेले साम्राज्य विसरभोळेपणाची गोष्ट बनले. बेसावध माणसाला जाब विचारता येत नाही, ही त्या गोष्टीची खरी सोय.

१७/ मग चुका होतच नाहीत का? होतात, आणि प्रत्येक चुकीमागे कारस्थान शोधणे हाही तितकाच आंधळेपणा आहे. चूक कशी मान्य करावी, याचा वस्तुपाठ दुसऱ्या एका जॉन्सनने घालून दिला. सॅम्युएल जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशात 'पॅस्टर्न' या शब्दाचा अर्थ घोड्याचा गुडघा असा दिला होता. वस्तुतः तो खुराच्या वरचा भाग. असे का लिहिले, असे एका बाईंनी विचारल्यावर त्यांनी सबब न सांगता निखळ अज्ञान हे कारण दिले, असे बॉसवेलने नोंदवले आहे. शब्दशः घोडचूकच ती. पण तिला कर्ता होता, कारण होते, आणि पुढे दुरुस्तीही झाली.

१८/ शेवटचा इंग्रजी शब्द 'स्टॅगर'; झोकांड्या खाणे. नॉर्स 'स्टाकरा'पासून तो आला, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या 'स्टाका'चा अर्थ ढकलणे. म्हणजे झोकांड्या खाणाऱ्याच्या आधी शब्दात ढकलणारा होता. आज तो शब्दातून नाहीसा झाला आहे. दिसतो तो लडखडणारा एकटा माणूस. इतिहासवाचकाने नेमके हेच लक्षात ठेवावे. कोणी पडलेला दिसला की तीन प्रश्न विचारावेत : त्याला काय दिसत होते? वाट कशी होती? आणि धक्का कोणाचा होता?

१९/ हे प्रश्न घेऊन पानिपतकडे परतावे. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या साधनांचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्या काळातील पत्रे आहेत. गोविंदपंत बुंदेल्यांकडे लावलेला पैशाचा आणि रसदेचा तगादा भाऊंच्या पत्रव्यवहारात दिसतो. टंचाई त्यांना दिसत होती. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून आला आणि दिल्लीकडची वाट तुटली. डिसेंबरात गोविंदपंत मारले गेले. १४ जानेवारी १७६१ ला जे सैन्य लढले, ते उपाशी होते. निर्णय चुकले असतील, त्यांची चिकित्सा अवश्य व्हावी. परंतु डोळे मिटलेल्या सेनापतीचे चित्र या कागदांशी जुळत नाही. 'ब्लंडर' म्हटल्याने अब्दालीचे रणकौशल्य, उत्तरेतील तुटलेले मैत्रीसंबंध आणि रिकामी कोठारे एका फटक्यात नजरेआड होतात.

२०/ मराठीत एक शब्द असा आहे, की त्याने उलटा प्रवास केला. 'धडपडणे' म्हणजे मूळात ठेचकाळून आपटणे, आणि 'धडपड' म्हणजे जिवापाड प्रयत्न. साने गुरुजींनी 'धडपडणारी मुले' हे नाव कादंबरीला दिले, तेव्हा त्या मुलांचा उपहास होतो आहे असे कोणालाही वाटले नाही. 'क्लम्झी' आणि 'बॉच' या शब्दांत परिस्थितीशी झुंजणारा माणूस हरवला. 'धडपड' या शब्दात तो शिल्लक राहिला. पानिपतावरील पुढच्या चर्चेत 'ब्लंडर' लिहिण्याआधी कोणी राजवाड्यांचा तो खंड उघडून दोन पत्रे वाचली, तरी वाद अधिक चांगला होईल.